धरणाचे गणित आमच्याही वहीत असू द्या

(पोखर्णी येथील बैठकीतील भाषण)



आज इथे येताना तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात कापसाच्या भावाचा विषय असणार. तो विषय आहेच, त्यावर जेवणानंतर बोलणे होईल. सकाळचा हा तास मात्र आम्ही दुसऱ्या विषयासाठी मागून घेतला आहे. विषय ऐकून कोणी उठून जाऊ नये एवढीच विनंती. विषय आहे धरणाच्या दरवाजांचा, आणि ते दरवाजे कधी व किती उघडायचे याचा हिशेब करणाऱ्या संगणकाचा.

कोणी म्हणेल, आम्ही कोरडवाहू माणसे. आमची ज्वारी आणि आमचा कापूस पावसावर. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा, तो परभणी जिल्ह्यात आला, पण आमच्या बांधावर आला नाही. धरण भरले काय आणि रिकामे राहिले काय, आम्हाला त्याचे काय?

प्रश्न बरोबर आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. धरणाच्या पाण्याचे वाटप होते तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याचे नाव यादीत नसते. पण धरणाचे पाणी नदीत सोडले जाते तेव्हा गोदाकाठच्या त्याच कोरडवाहू शेतकऱ्याचे रान पाण्याखाली जाते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतून आलेल्या मंडळींना हे समजावून सांगायची गरज नाही. गंगा तुंबली की नाले उलटे वाहू लागतात आणि काठापासून लांबचे रानही बुडते. पाण्यात हिस्सा नाही, पण पुरात हिस्सा आहे, अशी ही आपली भागीदारी. ज्या भागीदारीत तोटा आपल्या वाट्याला आहे, त्या भागीदारीची वही बघण्याचा हक्क आपल्याला आहे. आजचे बोलणे त्या वहीचे आहे.

'सतर्क राहावे' म्हणजे काय करावे?

ऑगस्ट २००६ आठवा. नाथसागरातून इतके पाणी सोडावे लागले की खुद्द पैठण शहरात पाणी शिरले आणि खाली गोदाकाठची गावे पाण्यात गेली. त्याच आठवड्यात तिकडे तापीवरच्या उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर बुडाले. त्यानंतर सप्टेंबर २०२५. अख्ख्या मराठवाड्यावर उत्तरा आणि हस्ताचा पाऊस असा कोसळला की महिनाअखेरीस जायकवाडीचा विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या पुढे गेला. कापसाची बोंडे फुटायची वेळ, रब्बी ज्वारीच्या पेरणीची तयारी, आणि रानात कमरेइतके पाणी.

२००६ च्या पुरात आमच्या सोयऱ्यांचे रान गेले. आम्ही तेव्हा त्यांच्याच गावी होतो. निरोप आला तो रात्री आला. 'पाणी सोडले जाणार आहे, नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावे.' आता सतर्क राहावे म्हणजे नेमके काय करावे? मोटार काढून आणावी, की बैल सोडावेत, की लेकरेबाळे घेऊन घरच सोडावे? पाणी बांधापर्यंत येणार की माळवदापर्यंत? आज रात्री येणार की उद्या दुपारी? निरोप आणणाऱ्यालाही माहीत नव्हते. त्याचा दोष नव्हता, त्याला जेवढे सांगितले तेवढे त्याने सांगितले. आम्ही बैल सोडले, मोटार राहून गेली. दोन तास आधी नेमके कळले असते तर मोटारही निघाली असती, आणि गोठ्यात ठेवलेले बियाणेही.

दोन तास. आजचा सगळा विषय या दोन तासांचा आहे.

पाण्याचा जमाखर्च

संगणक हा शब्द ऐकला की आपल्याला वाटते, ही शिकलेल्यांची गोष्ट. पण पुराचे जे गणित संगणक करतो ते मुळात दुकानदाराच्या वहीसारखे आहे. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. धरणात येणारे पाणी ही जमा. दरवाजे, कालवा आणि बाष्पीभवन हा खर्च. साठा ही शिल्लक. एवढेच.

आपण इथेच ते गणित करून पाहू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण अठ्ठावीस लिटर. तेलाच्या मोठ्या डब्याने मोजले तर जवळपास दोन डबे. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. नाथसागराचा एकूण साठा सुमारे १०२.७ टीएमसी. त्यातला २६ टीएमसी मृतसाठा सोडला तर उपयुक्त साठा सुमारे ७६.६ टीएमसी.

आता समजा धरण ९५ टक्के भरलेले आहे. जागा उरली ५ टक्के, म्हणजे ३.८ टीएमसी. वरून एक लाख क्युसेक पाणी यायला लागले. एक लाख क्युसेक म्हणजे तासाला ३६ कोटी घनफूट. सगळे दरवाजे बंद ठेवले तरी उरलेली जागा साडेदहा तासांत संपते. संध्याकाळी सहाला पाणी यायला लागले, तर पहाटे साडेचारला धरण तुडुंब. त्यानंतर जेवढे येईल तेवढे सोडावेच लागते, कारण धरण वाचवणे भाग असते. धरण फुटले तर गोदाकाठी कोणी उरणार नाही, हेही आपण समजून घेतले पाहिजे.

आता तेच धरण ८५ टक्के भरलेले आहे असे धरा. जागा उरली साडेअकरा टीएमसी. तेच एक लाख क्युसेक आले, तर जागा भरायला बत्तीस तास लागतात. आणि पहिल्या तासापासूनच ४० हजार क्युसेक सोडायला सुरुवात केली, तर त्रेपन्न तास. सव्वादोन दिवस. तेवढ्या वेळात पुष्कळदा वरचा पाऊस ओसरतो, आणि एक लाखाचा लोंढा आपल्या रानात येतच नाही. ४० हजारांचे पाणी नदीच्या पात्रातून निघून जाते.

बघा, पाऊस तोच, धरण तेच, दरवाजे तेच २७. फरक दोनच गोष्टींचा. सुरुवातीला जागा किती ठेवली होती, आणि दरवाजे किती लवकर उघडले. या दोन गोष्टी आभाळ ठरवत नाही, माणूस ठरवतो. म्हणून आम्ही म्हणतो की हा विषय आपल्या बैठकीचा आहे.

काळ्या मातीचे गणित

मग लवकर दरवाजे का उघडत नाहीत? कारण वरून एक लाख येणार की चाळीस हजार, हे आधी कळायला हवे. ते कळण्यासाठी संगणक.

ते कसे कळते? जायकवाडीच्या वरचा मुलूख, म्हणजे ज्या जमिनीवर पडलेले पाणी नाथसागरात येते ती जमीन, सुमारे २१,७५० चौरस किलोमीटर आहे. नाशिकच्या डोंगरापासून पैठणपर्यंत. या सगळ्या मुलुखावरून एक इंच पाणी वाहून आले तर ते साडेएकोणीस टीएमसी होते. नाथसागराच्या उपयुक्त साठ्याचा चौथा हिस्सा, फक्त एका इंचात.

पण पडलेला प्रत्येक इंच वाहून येत नाही, आणि हे तुमच्याइतके कोणाला माहीत आहे? मृगात आपल्या रानाला हातभर भेगा असतात. तेव्हा चार इंच पाऊस पडला तरी नाल्याला पाणी येत नाही, भेगाच पिऊन टाकतात. तोच चार इंच पाऊस भाद्रपदात पडला तर बांध फोडून जातो, कारण माती पोटभर प्यालेली असते. संगणकाला नेमके हेच शिकवावे लागते. माती किती प्यालेली आहे, अजून किती पिणार, आणि उरलेले किती तासांत ओढ्याला, ओढ्याचे नदीला, नदीचे धरणाला पोचणार. तज्ज्ञ त्याला पाऊस-अपवाहाचे प्रतिमान म्हणतात. आमचा बाप त्याला 'रान तृप्त झाले, आता पाणी पळणार' असे म्हणायचा. गोष्ट एकच. बाप एका नाल्यापुरते सांगायचा. संगणक दारणा, गंगापूर, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी वरची सगळी धरणे धरून एकदम सांगतो, कारण ती धरणे भरलेली असली की वरचे पाणी थेट पुढे येते.

दोन गाड्या, एक पूल

पैठणच्या खाली गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. मंजरथला सिंदफणा गंगेला मिळते, आणि सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. पूर्णा तालुक्यात पूर्णा नदी मिळते. तिच्यावर येलदरी आणि सिद्धेश्वर. पूर्णेला मिळणाऱ्या दुधनेवर सेलूजवळचे निम्न दुधना. शिवाय गंगेच्या पात्रातच ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस असे बंधारे एकामागे एक.

पैठणहून निघालेले पाणी मंजरथला पोचायला वेळ लागतो. माजलगावहून निघालेले लवकर पोचते. आता दोन वाटांनी दोन भरलेल्या गाड्या एकाच अरुंद पुलाकडे निघाल्या आहेत असे समजा. एक आधी निघून गेली, दुसरी नंतर आली, तर पूल टिकतो. दोन्ही एकाच वेळी पुलावर आल्या तर कठडा तुटतो. दोन धरणांच्या पुराचे तसेच आहे. माजलगावचे पाणी सहा-आठ तास आधी सोडले किंवा तेवढेच रोखून धरले, तर खाली गंगाखेडला नदी कमी चढते. एक थेंबही पाणी कमी सोडावे लागत नाही, फक्त वेळ सांभाळावी लागते.

ही वेळ कागदावर काढण्याची रीत संगणकाच्या आधीची आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात मस्किंगम नावाच्या नदीवर ती बसवली गेली. संगणकाने एवढेच केले की जे गणित करायला दोन कारकून आठवडाभर बसले असते ते काही मिनिटांत होते. आणि पूर काही आठवडाभर थांबत नाही. संगणक आणखी एक काम करतो. 'आता ४० हजार सोडले तर काय, ८० हजार सोडले तर काय, सहा तास थांबलो तर काय' असे दहा प्रकार तो दरवाजाला हात न लावता करून दाखवतो. आपण एकदा पेरले की पेरले. पाऊस गेला तर दुबार पेरणी. त्याला मात्र कागदावर दहा वेळा पेरून पाहता येते.

या कामाच्या आज्ञावल्या महाग आहेत असेही नाही. अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात या कामासाठी केंद्र काढले. त्यांच्या आज्ञावल्या कोणालाही फुकट मिळतात. महाग आहे ती माहिती. पाऊस कुठे किती पडला, नदी कुठे किती चढली, पात्र कुठे किती गाळाने भरले, हे दर तासाला खरे खरे कळले पाहिजे. वहीत खोटी जमा लिहिली तर शिल्लक खरी कशी येईल?

यंत्र होते, तरी पूर आला

आपल्या राज्यात ही व्यवस्था पहिल्यांदा कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत उभी राहिली. २००५ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले होते. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात तिथे आपोआप मोजणारी पर्जन्यमापके आणि पाणीपातळीची यंत्रे बसली. मोजलेली माहिती पुण्याला एका ठिकाणी जमू लागली आणि डेन्मार्कच्या संस्थेने बसवून दिलेल्या प्रतिमानावर पुराचा अंदाज निघू लागला. २०१६ मध्ये राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला, त्यात अशी यंत्रणा देशातल्या इतर खोऱ्यांतही नेण्याचे काम हाती घेतले गेले. केंद्रीय जल आयोगही गोदावरीवर मोजमाप करतो. आपल्या गंगाखेडच्या रेल्वे पुलाजवळ त्याचे केंद्र आहे.

आता कोणी विचारील की यंत्र बसले म्हणजे पूर थांबला का? नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णाखोऱ्यात ही सगळी व्यवस्था होती, तरी सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ पेक्षाही वर. कोयना धरण जवळजवळ भरत आले होते आणि वरचा पाऊस थांबत नव्हता. शिवाय धरणांच्या खाली जो पाऊस पडतो त्याला दरवाजाच नाही. तो थेट नदीत येतो.

म्हणून आम्ही तुम्हाला खोटी आशा दाखवायला आलेलो नाही. संगणक पाऊस थांबवत नाही. हवामानाचा अंदाज चुकला तर त्याचाही अंदाज चुकतो, आणि तीन दिवसांनंतरचे सांगताना तर पुष्कळच चुकू शकतो. गोदाकाठचा प्रत्येक पूर धरणामुळे आला असेही नाही. कित्येकदा धरणाने लोंढा अडवून आपल्याला वाचवले आहे. ते आपल्याला दिसत नाही, कारण न आलेला पूर कोणाला दिसत नाही. हे आपण कबूल केले पाहिजे. कबूल केले म्हणजेच आपल्या बाकीच्या बोलण्याला वजन येते.

रिकामे ठेवावे की भरावे?

खरी अडचण संगणकाची नाहीच, ती पुढे आहे. पुरासाठी धरण रिकामे असावे. पिण्याला आणि रब्बीला ते भरलेले असावे. एकाच भांड्याकडून दोन उलट्या अपेक्षा.

सप्टेंबरमध्ये धरणात १५ टक्के जागा ठेवली आणि परतीचा पाऊस आलाच नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात काय होते हे आपण पाहिले आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. तेव्हा धरणावरचा अभियंता भरलेले पाणी सोडायला कचरतो, यात नवल नाही. पाणी सोडून दिले आणि पाऊस आला नाही तर सगळे त्याला धरतील. पाणी धरून ठेवले आणि पूर आला तर 'अभूतपूर्व पाऊस' म्हणून तो सुटतो. असा ज्याचा जमाखर्च असेल तो माणूस शेवटच्या तासापर्यंत थांबणारच. आपणही त्याच्या जागी थांबलो असतो.

यावर उपाय म्हणून प्रत्येक मोठ्या धरणाची एक जलाशय परिचालन सूची असते. अमुक तारखेला साठा अमुक इतकाच असावा, त्यापेक्षा वर गेला तर सोडावा, अशी तारीखवार यादी. संगणक कितीही शहाणा असला तरी तो या सूचीच्या हुकमात चालतो. त्याला सांगितले की 'धरण कसेही करून लवकर भर', तर तो भरण्याचा रस्ता काढील. सांगितले की 'खालच्या रानात पाणी जाऊ देऊ नको', तर तो रिकामे ठेवण्याचा रस्ता काढील. सांगितले की 'शहर वाचव, रानाचे बघू नको', तर तो तेही करील, आणि उत्तर दशांश चिन्हासह अचूक देईल. गणित संगणकाचे, पण हुकूम माणसाचा. तो हुकूम लिहिला जातो तेव्हा तिथे आपले कोणी असते का?

जिथे लोक भांडले तिथे सूची बदलली, याची दोन उदाहरणे आपल्याच गंगेवर आहेत. पहिले, वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचे. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये वरच्या आणि खालच्या धरणांचा एकत्र हिशेब मांडला. त्या आधारावर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ ला हुकूम दिला, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचे अशी रीत ठरली. ते आकडे बरोबर की चूक यावर वाद चालत राहिले आहेत, चालू द्या. पण आकडा कागदावर आला म्हणून वाद तरी घालता आला. दुसरे, नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल दिला की त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे राहतील. आज कोणत्याही शेतकऱ्याला ती तारीख पाठ आहे.

ही दोन्ही भांडणे टंचाईच्या पाण्याची होती. टंचाईच्या पाण्यासाठी तारखा आणि टक्के ठरतात, कारण तिथे मागणारे असतात. पुराच्या पाण्यासाठी मागणारा कोणी नसतो. तो फक्त बुडतो.

पायऱ्यांत सांगा

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. या बैठकीत त्यावर बोलणे व्हावे, दुरुस्ती व्हावी आणि मग ठराव व्हावा.

पहिले. जायकवाडी, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर आणि निम्न दुधना यांच्या परिचालन सूच्या मृग लागण्याआधी मराठीत, साध्या तक्त्यात, नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागाव्यात. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहेच. आपण अर्ज करू. पण खरे तर लोकांच्या जिवाशी संबंध असलेला कागद मागावा लागू नये, तो आपणहून लावलेला असावा.

दुसरे. पाचही धरणे आणि गंगेवरचे बंधारे यांचे पूरकाळातले गणित एकत्र व्हावे. दोन गाड्या एका पुलावर येऊ नयेत याची जबाबदारी कोणा एकाची असावी, आणि तो कोण हे लोकांना माहीत असावे.

तिसरे, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचे. आम्हाला क्युसेक सांगू नका, पायऱ्या सांगा. 'एक लाख क्युसेक सोडले' या वाक्याने गंगाखेडच्या माणसाला काही कळत नाही. 'उद्या दुपारी दोनच्या सुमारास पाणी घाटाच्या अमुक पायरीपर्यंत, किंवा तुमच्या गावच्या मारुतीच्या पारापर्यंत येईल' या वाक्याने सगळे कळते. संगणकाला हे काढता येते; नदीचे पात्र आणि काठाची उंची मोजून दिली की कोणत्या विसर्गाला कुठे पाणी येते हे तो दाखवतो. नेमके सांगता येत नसेल तर 'या पायरीपासून त्या पायरीपर्यंत' असे सांगा. अंदाज थोडा इकडेतिकडे होणार हे आम्हाला समजते. आमचे आयुष्य नक्षत्रांच्या अंदाजावरच गेले आहे. चुकलेल्या अंदाजाला आम्ही माफ करू. न सांगितलेल्या अंदाजाला माफी नाही.

चौथे. कोणत्या तासाला किती पाणी आले आणि किती सोडले याची नोंद जपून ठेवावी आणि मागेल त्याला द्यावी. याचे कारण नीट ऐका. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. गोदाकाठच्या गावात पाऊस पडतो वीस मिलिमीटर आणि रान बुडते ते वरून आलेल्या पाण्याने. मग पंचनाम्याच्या वेळी पर्जन्यमापकाचा आकडा पुढे केला जातो आणि शेतकरी हेलपाटे मारत राहतो. विसर्गाची तासवार नोंद हा त्याचा पुरावा आहे. रान पावसाने नाही, पुराने गेले, हे त्या कागदाने सिद्ध होते.

पाचवे. गणितात आमच्या पिकाची किंमत किती धरली ते सांगा. शहरातल्या घराचे, कारखान्याचे, पुलाचे नुकसान हिशेबात धरतात, ते धरलेच पाहिजे. पण बोंडे फुटायला आलेल्या कापसाच्या एकराचेही नुकसान त्याच वहीत लिहा. आणि ठरवून आमचे रान बुडवायचे असेल, शहर वाचवण्यासाठी किंवा उन्हाळ्याचे पाणी राखण्यासाठी, तर तसे उघड म्हणा आणि त्याचा मोबदला आधी ठरवा. दुसऱ्याच्या भल्यासाठी आमचे रान वापरले तर ते भाड्याने वापरले असे समजा. भाडे द्या. त्याला मदत म्हणू नका.

आपले काम

हे झाले मागण्याचे. पण नुसते मागून चालणार नाही, थोडे आपणही करायचे आहे.

प्रत्येक गावात पावसाची नोंद ठेवणारा एक माणूस असावा. साधे पर्जन्यमापक लागते, रोज सकाळी ठरल्या वेळी वहीत एक आकडा लिहायचा. दहावीच्या पोरीला दिले तरी ती नीट करील. वर्षानुवर्षांची अशी वही सरकारी आकड्याशेजारी ठेवली की बोलणे आपोआप नीट होते.

दुसरे, आजवरच्या पुरांच्या खुणा करा. २००६ चे पाणी कुठपर्यंत आले, २०२५ चे कुठपर्यंत आले, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा आणि देवळाच्या भिंतीवर, शाळेच्या खांबावर रंगाने रेघ ओढून वर्ष लिहा. ज्याने पाणी पाहिले तो माणूस गेला की खूणही जाते. संगणकाचे गणित तपासायला याहून चांगला पुरावा नाही. 'तुमचा आकडा म्हणतो पाणी पारापर्यंत आले होते, आमची रेघ म्हणते ओसरीपर्यंत' असे सांगता येते, आणि मग चूक दुरुस्त होते.

तिसरे, वरच्या गावांशी संबंध ठेवा. पाथरीकडचा माणूस गंगाखेडच्या माणसाला, गंगाखेडचा पालमच्या माणसाला फोन करील की पाणी इतके वर आले आणि अमुक वाजता आले, अशी साखळी आजच्या बैठकीतच बांधता येईल. नावे आणि नंबर शेवटी लिहून घेऊ. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे; त्यात इतके काही येते, त्यात एक खरा निरोपही येऊ द्या.

मायबहिणींनो, ही साखळी तुमच्याशिवाय चालणार नाही. पुराच्या रात्री धान्याची कोठी आणि लेकरे कोण सांभाळते हे आम्हाला माहीत आहे. निरोप घरातल्या कारभाऱ्याला पोचला आणि तुम्हाला नाही, तर तो निरोप अर्धाच पोचला.

भावांनो, शेवटचे सांगून थांबतो. काही जण म्हणतील, एवढी मोठी यंत्रणा, उपग्रह, संगणक, परदेशी तज्ज्ञ. त्यात पोखर्णीच्या बैठकीतल्या कापूसवाल्यांनी काय बोलावे? आम्ही म्हणतो, गणित करणाऱ्याला गणित करू द्या, त्यात ढवळाढवळ करायची नाही. पण आपण सावकाराची वही वाचायला शिकलो, बाजार समितीची पट्टी वाचायला शिकलो, कापसाच्या ग्रेडचा खेळ ओळखायला शिकलो. त्यातले प्रत्येक काम आधी शिकलेल्यांचेच मानले जात होते. आता धरणाची वही वाचायला शिकायचे. किती आले, किती गेले, जागा किती उरली, आणि किती तास आहेत. चार आकडे आहेत. तेवढे आपल्याला येतात.

पुढच्या हस्ताच्या पावसात कोणाच्या तरी दारात निरोप येईल. तो निरोप 'सतर्क राहा' असा नसावा. 'उद्या दुपारी दोन वाजता, पाचव्या पायरीपर्यंत' असा असावा. तेवढ्यात मोटार निघते, बैल सुटतात, बियाणे माळवदावर जाते. रान कदाचित जाईल, पण पुढच्या पेरणीचे हातात राहील.

जेवणानंतर कापसाच्या भावाला बसू. त्याआधी नाव आणि नंबर लिहून द्यायला विसरू नका.